सॅक्सन, एफओपी की वीझीप्रिंट? मराठी पीडीएफ काढणाऱ्यांसाठी

अंबड एमआयडीसीत आम्ही द्राक्षबागेचे ब्लोअर बनवतो, पार्ट्स कॅटलॉगचा सगळा डेटा एक्सएमएलमध्ये (टॅग लावून ठेवलेला मजकूर), आणि त्यातूनच वेबसाइटची पानं अन् डीलरला द्यायची मराठी पीडीएफ असं दोन्ही काढावं लागतं. पीडीएफसाठी पैसे मोजायची तयारी असेल तर प्रिन्स, अँटेना हाउस ही सॉफ्टवेअर आहेत, पण छोट्या युनिटला ते जड जातं म्हणून फुकटातल्यांबद्दलच लिहितो.

एक्सएमएलमधून वेबची पानं बनवायचे नियम ज्या भाषेत लिहितात ती एक्सएसएलटी, आणि ती चालवायला सरळ सॅक्सन एचई (सॅक्सनची फुकटातली आवृत्ती) घ्या. एक्सएसएलटीप्रॉक हे त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर हलकं आहे, फास्ट आहे, पण ते एक्सएसएलटीच्या १९९९ मधल्या १.० आवृत्तीवरच अडकलंय आणि त्यात साधं ग्रुपिंग म्हणजे सुद्धा कसरत, आपल्याला काय तर पंपाचे पार्ट एकीकडे अन् गिअरबॉक्सचे दुसरीकडे एवढंच हवं असतं हो! २.० पासून त्यासाठी फॉर-ईच-ग्रुप ही कमांड आहे, आणि रिझल्ट-डॉक्युमेंट ही दुसरी कमांड वापरली की एकाच रनमध्ये प्रत्येक असेंब्लीचं वेगळं एचटीएमएल पान पडतं. सॅक्सन एचईत ३.० पण चालतं. फक्त मशीनवर जावा लागतं.

ब्राउझरमध्येच एक्सएसएलटी चालवायच्या नादी लागू नका, ते काढून टाकणार असं क्रोमने २०२५ मध्येच सांगून टाकलंय.

खरी गंमत पीडीएफची. एफओपी हे पीडीएफ काढणारं सॉफ्टवेअर जुनं आणि दणकट, पण त्याला कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) देवनागरी फॉन्ट दिला नाही ना, तर 'शेतकऱ्यांसाठी सूचना' ऐवजी अख्खी ओळ ##### अशी येते. फॉन्ट दिला की जोडाक्षरं जुळतात, ती सोय २०१२ च्या १.१ आवृत्तीपासून आहे. पण टेबलच्या कॉलमची रुंदी ते आपोआप ठरवत नाही, आपणच द्यायची, आणि आमच्याकडे एका ओळीत 'नट' तर खालच्या ओळीत 'डायफ्राम पंप सक्शन व्हॉल्व्ह असेंब्ली', आता काय रुंदी देणार? वर एक्सएसएल-एफओची (छापील पानाची मांडणी सांगणारी, एफओपीला लागणारी भाषा) स्टाइलशीट वेगळी सांभाळायची, म्हणजे वेबला एक आणि छपाईला एक.

म्हणून माझं मत वीझीप्रिंटला, ते एचटीएमएलवरूनच पीडीएफ काढतं. सॅक्सनने काढलेलं एचटीएमएलच त्याला द्यायचं, छपाईचं सीएसएस (पान दिसायला कसं हवं ते सांगणारी फाइल) वेगळं ठेवायचं, बास. अक्षरं जुळवायचं काम पँगो नावाची लायब्ररी करते त्यामुळे मराठी छान येतं, अनुक्रमणिकेत पान नंबरही सीएसएसमधूनच पडतात. जावास्क्रिप्ट चालत नाही हे लक्षात ठेवा, लांबलचक टेबलं असली की चहा पिऊन या, आणि विंडोजवर बसवताना पँगोपायी थोडा डोक्याला ताप होतो, लिनक्सवर काही त्रास नाही.

कुठलंही घ्या, आधी 'शेतकऱ्यांनी', 'व्हॉल्व्ह', 'क्लचची स्थिती' असे शब्द टाकून एक पान काढा, आणि नुसतं बघू नका, त्या पीडीएफमध्ये सर्च मारून तो शब्द सापडतोय का तेही बघा, कारण डीलर पार्ट तसाच शोधणार.