स्लाइम मोल्डचं किट: माल एक नंबर, माहितीपत्रक चुकीचं (४ स्टार)

लेकाच्या अकरावीच्या प्रोजेक्टसाठी ऑनलाइन मागवलं. डब्यात आगरच्या (जेलीसारखा थर) तीन पेट्री डिश आणि फिल्टर पेपरचा कडक, पिवळट तुकडा, सासूबाई म्हणाल्या हळद सांडलेला कागद पाठवलाय की काय. तर ते फायसॅरम पॉलिसेफॅलम नावाचं स्लाइम मोल्ड होतं, सुकवून झोपवलेलं. आगरवर ठेवून दोन थेंब पाणी टाकलं, डिश कपाटात अंधारात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पिवळ्या शिरांचं जाळं पसरलेलं! भिंगातून बघा, शिरेतला रस एका बाजूला धावतो, थबकतो आणि उलटा फिरतो, आणि हे सगळं मिळून एकच पेशी, केंद्रकं मात्र असंख्य. खायला साधे ओट्स द्या, मसाला ओट्स नको, मिठापासून ते लांब पळतं.

एक स्टार कापला कारण पत्रकावर मोठ्या अक्षरात 'पिवळी बुरशी वाढवा'. लेक लगेच एनसीईआरटीचं पुस्तक घेऊन आला, त्यात हे प्रोटिस्टात, म्हणजे बुरशीहून वेगळ्या, एकपेशी जीवांच्या गटात आहे. बीजाणू करतं म्हणून पूर्वी बुरशीत टाकायचे, पण १८५९ मध्येच जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डी बॅरीने मायसेटोझोआ, म्हणजे बुरशी-प्राणी, असं नाव दिलं होतं, आणि आता ते अमीबोझोआत, अमीबाच्या भावकीत. बरं, स्लाइम मोल्ड म्हणवणारे सगळे एका घरचे नाहीतच. डिक्टिओस्टेलियम नावाचं दुसरं स्लाइम मोल्ड यांच्याच भावकीतलं, त्याच्या पेशी एरवी सुट्या राहतात आणि उपासमार झाली की गोळा होतात, पण कोबीच्या मुळांना गाठी आणणारा प्लाझ्मोडिओफोरा, ज्याला पूर्वी यांच्यातच धरायचे, तो पार वेगळ्या ऱ्हायझेरिया गटातला.

चौथ्या दिवशी एका डिशमध्ये ओट्सवर हिरवी, केसाळ खरीखुरी बुरशी आली. वैताग आला पण फरक समोरच दिसला, बुरशी बाहेरच रस सोडून अन्न पचवते आणि मग शोषते, आमचं पिवळं मात्र सरपटत जाऊन अन्नाचे कण चक्क गिळतं. चांगला तुकडा आगरसकट कापून नव्या डिशमध्ये हलवला, वाचलं.

२००० साली जपानचे शास्त्रज्ञ नाकागाकी यांनी याच्याकडून चक्रव्यूहातली जवळची वाट शोधून घेतली होती म्हणून आम्हीही पुठ्ठ्याचा चक्रव्यूह केला, तर साहेब भिंत चढून सरळ पलीकडे! त्यांनी प्लॅस्टिकची फिल्म वापरली होती, कोरड्यावर ते जात नाही, आमचा पुठ्ठा ओला झाला होता. ही टीप पत्रकात हवी होती राव.

आता उरलेलं फिल्टर पेपरवर सुकवतोय, दिवाळीच्या सुट्टीत परत उठवू. डब्यावरचा 'बुरशी' शब्द लेकाने पेनने खोडलाय.