सात दिवसांत साडेतीन किलो, आणि एकही पावती नाही

माझं काम अकाउंट्सचं. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासायची, पावती जोडलेली नसेल तर व्हाउचर परत पाठवायचं. त्याच मी एका ट्रेनरच्या क्यूआर कोडवर ३५,७०० रुपये भरले आणि कशाचीही पावती मागितली नाही. घरच्यांचं हसून झालंय, त्यामुळे आता चारचौघांत सांगायला हरकत नाही.

मी पाचपाखाडीत राहते. सकाळी कचराळी तलावाला चार फेऱ्या, एवढाच माझा व्यायाम. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा आमच्या नौपाड्यातल्या डॉक्टरांनी मांड्यांची ताकद वाढवायला सांगितलं. त्याच सुमारास घोडबंदर रोडवरच्या एका जिमची जाहिरात मोबाइलवर आली: सात दिवस पर्सनल ट्रेनिंग, १,९९९ रुपये, फरक दिसला नाही तर पैसे परत. हजार-दोन हजारांचा प्रश्न, म्हटलं बघू.

सोमवारी ऑफिसातून थेट गेले. रात्रीचे साडेआठ वाजलेले, ठाणे स्टेशनबाहेर वडापाव आणि चहा झालेला, अंगावर जीन्स, जाड कुर्ता. ट्रेनरने तसंच मशीनवर उभं केलं. पट्ट्यांवर अनवाणी पाय, हातात दांडे, मिनिटभरात स्लिप बाहेर. वजन ७४.६, चरबी ३९.८ टक्के. तो स्लिपकडे बघून नुसता गप्प राहिला. ते गप्प राहणं फार परिणामकारक होतं हो, मला लगेच बीपी-शुगर आठवली.

आठवडा मात्र मेहनतीचा गेला, त्यात खोट नाही. मी वहीत रोज लिहीत होते. प्लँक, म्हणजे कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग तोलून धरणं, पहिल्या दिवशी १८ सेकंद, रविवारी ४१. हात न टेकता खुर्चीवरून उठणं ६ वरून १४. बुधवारी तर जिना उतरताना कठडा धरावा लागत होता. तो म्हणाला, "दुखतंय म्हणजे फॅट जळतंय, ताई." तसं काही नसतं. सवय नसलेल्या स्नायूंवर ताण आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतंच, चरबीचा त्याच्याशी संबंध नाही. पण तेव्हा मला ते दुखणं गोड वाटलं.

गुरुवारपासून पोळी-भात बंद, मीठ नावाला. शनिवारी दुपारनंतर पाणीही "घोट घोटच". रविवारी पहाटे साडेसहाला, उपाशीपोटी, पातळ ट्रॅक पँटमध्ये पुन्हा मशीनवर. ७१.२ किलो, चरबी ३४.१ टक्के. "साडेतीन किलो, ताई! तुमची बॉडी काय रिस्पॉन्ड करते!" मागे व्यायाम करणाऱ्या दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांतच मी तीन महिन्यांचं पॅकेज घेतलं. ४२,०००चं, पण "आजच्या आज भरलं तर" २९,५००. वर ६,२०० रुपयांचा प्रोटीनचा डबा. जिमच्या खात्यावर भरलं तर जीएसटी लागेल, त्यापेक्षा माझ्या नंबरवर टाका, असं तो म्हणाला. आणि जीएसटीचे रिटर्न भरणारी मी, मान डोलावली.

पुढे पाच सेशन झाली. मग आजी वारली म्हणून तो गावाला गेला, मग फोन बंद. जिमचा मॅनेजर म्हणतो, "तो आमचा स्टाफ नाही मॅडम, फ्रीलान्सर होता." जिमचा टी-शर्ट घालून, जिमच्या मशीनवर उभं करून, जिमच्या जाहिरातीवरून आलेल्या बाईला शिकवत होता तो.

त्या रात्री मी पहिल्यांदा दोन्ही स्लिपा शेजारीशेजारी ठेवून वाचल्या. खरं तर हे माझं रोजचं काम. पहिल्या स्लिपचा ताळा काढला तर चरबी २९.७ किलो येते, दुसऱ्यावर २४.३. म्हणजे चरबी गेली ५.४ किलो आणि वजन उतरलं ३.४च. उरलेले दोन किलो कुठून आले? काकडी खाऊन सहा दिवसांत दोन किलो स्नायू चढले म्हणायचे! किलोभर चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. त्या हिशोबाने ४१,५००च्या आसपास कॅलरी मी सहा दिवसांत जाळल्या, रोजच्या जवळजवळ सात हजार. माझ्यासारखीला दिवसभरात दोन हजार जाळणंही जड.

मग वरच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं दिसली. माझी उंची १५८ सेंटिमीटर. पहिल्या स्लिपवर १५०, दुसऱ्यावर १५८, आणि त्याच्यापुढे 'अ‍ॅथलीट' मोड. ही मशीन चरबी मोजत नाहीत. ती शरीरातून अगदी सौम्य वीज सोडतात, तिला होणारा अडथळा बघतात आणि तुम्ही भरलेल्या उंची-वय-वजनावरून अंदाज बांधतात. उंची कमी भरली की चरबी जास्त दिसते, अ‍ॅथलीट निवडलं की कमी. वजन उतरलं ते तर बहुतेक पाणीच. डॉक्टरांनी समजावलं: पोळी-भातातून येणारी साखर स्नायूंत आणि यकृतात साठते तेव्हा प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवते. पोळी-भात थांबवला की तो साठा संपतो आणि पाणीही जातं. वर मीठ-पाणी कमी केलेलं, पोट रिकामं, कपडे हलके. मी तीन दिवस वरण-भात जेवले आणि काटा ७३च्या पुढे. पाणी तोडल्यामुळे रविवारी घरी जिना चढताना पोटरीत जो गोळा आला होता, त्याबद्दल डॉक्टर माझ्यावरच चिडले.

प्रोटीनचा डबाही बघितला. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक १४ आकडी असतो. माझ्या डब्यावरचे आकडे तीनदा मोजले, तेराच भरले. डबा न उघडता ठेवलाय.

आतापर्यंत केलंय ते असं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, जिमला रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवलं, पोलिसांत अर्ज दिला. बिल किंवा पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथाच आहे, हे पत्रात लिहिल्यावर मॅनेजरचा सूर बदलला. आता तो दोन महिन्यांची मेंबरशिप फुकट देतोय. मला मेंबरशिप नको, पैसे हवेत. नाही मिळाले तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे.

कुणी अशा ट्रायलला जाणार असाल तर पहिल्या दिवशीच सांगा की शेवटचं वजन याच वेळेला, याच कपड्यांत करायचं. नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. पैसे जिमच्या खात्यावरच भरा. बिलावरचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो, आपल्या महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो.

आणि स्लिपा जपा. त्या थर्मल कागदाच्या असतात, माझी पहिली आत्ताच पुसट व्हायला लागली आहे. '१५०' तेवढा अजून वाचता येतोय. दोन्हींच्या झेरॉक्स काढून फायलीत लावल्यात.