झोन दाखला आणि भाग नकाशा: पाचपैकी तीन तारे

प्लॉटचा इसार देण्याआधी आमच्या नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून झोन दाखला (जागा रहिवास, शेती अशा कोणत्या विभागात येते त्याचं पत्र) आणि भाग नकाशा (विकास आराखड्याचा त्या जागेपुरता उतारा) काढला. एजंट म्हणत होता, “कलेक्टर एनए (बिगरशेती परवानगी) आहे काका, निर्धास्त राहा.” अहो, पण विकास आराखड्यातलं आरक्षण, म्हणजे रस्ता-बागेसारख्या सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा, सातबाऱ्यावर दिसेलच असं नाही. ते कळतं भाग नकाशावर. आमच्या गटाच्या कोपऱ्यातून चक्क 18 मीटरचा रस्ता गेलेला!

खिडकीवरच्या बाई भल्या. चतुःसीमा ताडून बघा, असं आपणहून सांगतात. पण चलन एका मजल्यावर, अर्ज दुसऱ्यावर. भिंतीवरचा मंजूर आराखडा इतका विटलाय, की पिवळा रहिवास कुठे संपतो आणि हिरवा शेती विभाग कुठे लागतो, देव जाणे.

अंतिम आराखडा लागू होऊन 10 वर्षांत आरक्षित जागा संपादित झाली नाही, तर 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या 24 महिन्यांत हालचाल झाली नाही, तर आरक्षण संपतं. हे साहेबांनी खोदून विचारल्यावर सांगितलं. बाहेर एक फलक लावायला काय जातं?

नुसता दाखला घेऊन परत येऊ नका, भाग नकाशा शिक्क्यासकट मागा. आणि जेवणाच्या सुट्टीआधी पोहोचा.