गर्दी आणि ढीग: लीफलेट मार्करक्लस्टर प्लगइनचे परीक्षण

वेबवरील नकाशावर पन्नास-साठ मार्कर (ठिकाण दाखवणाऱ्या खुणा) असतात तोवर ते कसे मांडावेत हा प्रश्न फारसा कोणाला पडत नाही. नोंदी हजाराच्या पुढे गेल्या की मार्कर एकमेकांवर चढू लागतात, खालचे झाकले जातात आणि नकाशाच्या जागी टाचण्या खोचलेली उशी दिसू लागते. लीफलेट या वेबवर नकाशे दाखवणाऱ्या जावास्क्रिप्ट संचाचा मूळचा मार्कर २५ पिक्सेल रुंद आणि ४१ पिक्सेल उंच आहे. झूमची पातळी १८ असताना विषुववृत्ताजवळ एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे साधारण ०.६ मीटर होतात. म्हणजे इतक्या जवळून पाहतानाही पूर्व-पश्चिम रेषेत पंधरा मीटरपेक्षा कमी अंतरावर असलेल्या दोन ठिकाणांचे मार्कर एकमेकांना झाकणारच. या अडचणीवर सर्वाधिक परिचित असलेला उपाय म्हणजे लीफलेट मार्करक्लस्टर हे प्लगइन, म्हणजे लीफलेटला जोडायची पूरक भर; ते जवळजवळचे मार्कर एका पुंजक्यात बांधते आणि त्यांच्या जागी संख्या लिहिलेला एकच गोल दाखवते. सार्वजनिक वाचनालयांच्या सुमारे साडेसहा हजार नोंदींचा एक नकाशा करताना मी ते काही महिने वापरले, त्यावरून हे परीक्षण लिहीत आहे.

लीफलेट २०११ साली आले आणि डेव्ह लीव्हर यांचे हे प्लगइन त्यानंतर वर्षभरात, २०१२ मध्ये. ते मोफत आहे आणि एमआयटी परवान्याखाली खुले आहे. बसवण्यासाठी एक जावास्क्रिप्ट फाइल आणि दोन सीएसएस फाइली जोडाव्या लागतात. पहिल्या सीएसएस फाइलमध्ये हालचालींचे नियम आहेत आणि दुसरीत पुंजक्यांचे ठरावीक रूप. दुसरी जोडायची राहिली तर रंगीत गोलांऐवजी नकाशावर नुसते आकडे तरंगत राहतात आणि नवख्या माणसाचा अर्धा तास त्यात सहज जातो.

या प्लगइनचे खरे बलस्थान त्याच्या गणिताच्या पद्धतीत आहे. मार्कर भरले जात असतानाच ते प्रत्येक झूम पातळीसाठी पुंजके ठरवून ठेवते आणि त्यांची एक उतरंड रचते, त्यामुळे वापरणारा आत-बाहेर करू लागल्यावर नव्याने हिशेब मांडावा लागत नाही. झूम वाढवला की मोठा गोल फुटतो, लहान गोल त्याच्या जागेवरून सरकत आपापल्या ठिकाणी जातात आणि उलट येताना पुन्हा एकत्र होतात. ही हालचाल केवळ शोभेची नाही. कोणता मार्कर कोणत्या पुंजक्यातून बाहेर पडला हे डोळ्यांना सलग दिसत असल्याने पाहणाऱ्याचे भान सुटत नाही. गोल अचानक नाहीसे होऊन दुसरेच गोल उगवणारे नकाशे वापरून पाहिले की हा फरक किती मोठा आहे ते कळते. शिवाय दृष्टिक्षेपाबाहेरचे मार्कर पानातून काढून टाकले जातात, त्यामुळे ब्राउझरवरचा भारही आटोक्यात राहतो.

वेगाबद्दल माझी सुरुवातीची तक्रार होती, पण चूक माझीच निघाली. प्लगइनचा थर नकाशावर आधीच चढवून मी एकेक मार्कर त्यात घालत होतो आणि पान काही सेकंद गोठत होते. सगळे मार्कर एका यादीत गोळा करून ॲडलेयर्स या पद्धतीने एकदम दिल्यावर ती अडचण नाहीशी झाली. नोंदी फारच असतील तर चंक्ड लोडिंग हा पर्याय चालू करावा; त्यात भरण्याचे काम सुमारे २०० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत होते आणि मध्ये ब्राउझरला श्वास घ्यायला उसंत मिळते. तो मुळात बंद असतो.

आता मुळातल्या मूल्यांविषयी, कारण माझे खरे मतभेद तिथेच आहेत. पुंजक्याची त्रिज्या ८० पिक्सेल ठेवलेली आहे. संपूर्ण देश पडद्यावर असताना हा आकडा योग्य वाटतो, पण वर दिलेल्या हिशेबाने झूम १८ वर ८० पिक्सेल म्हणजे जवळजवळ ४८ मीटर होतात. म्हणजे रस्त्याच्या दोन बाजूंना असलेल्या आणि डोळ्यांना सहज वेगळ्या दिसू शकणाऱ्या दोन इमारतीही ‘२’ असे लिहिलेल्या गोलात बंद राहतात. सुदैवाने या पर्यायाला आकड्याऐवजी फंक्शनही, म्हणजे झूमनुसार त्रिज्या ठरवणारा छोटा कोडही, देता येते. मी दूरच्या पातळ्यांना ८०, मधल्यांना ५० आणि सर्वांत जवळच्यांना ३० पिक्सेल अशी उतरती त्रिज्या ठेवली आणि नकाशा एकदम मोकळा झाला. हे प्लगइन वापरणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी हा एक बदल करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

रंगांचेही तसेच आहे. दहापेक्षा कमी मार्कर असतील तर हिरवा, शंभरापेक्षा कमी असतील तर पिवळा आणि त्यापुढे नारिंगी अशी योजना आहे. हे उंबरठे तुमच्या माहितीकडे पाहून ठरलेले नसतात, त्यामुळे साडेसहा हजार नोंदींच्या नकाशात दूरच्या पातळीवर सगळेच गोल नारिंगी दिसतात आणि रंग काहीच सांगत नाही. त्यातही हिरव्याकडून नारिंगीकडे जाणारा क्रम पाहणाऱ्याला बरे-वाईट सुचवतो, जे वाचनालयांच्या संख्येबाबत अगदीच उलटे आहे. मी गोलाचे रूप ठरवणारे फंक्शन स्वतः लिहून एकाच रंगाच्या फिकट-गडद छटा वापरल्या. गोलावर माऊस नेल्यावर उमटणारा निळा बहुभुजही मी बंद केला. तो पुंजक्यातील सर्वांत बाहेरचे बिंदू जोडून काढलेला असतो, पण पाहणाऱ्याला ती एखादी प्रशासकीय हद्द वाटते. गोल ज्या जागी दिसतो ती आतल्या मार्करांच्या स्थानांची सरासरी असते, त्यामुळे तलावाभोवतीची वाचनालये दूरून पाहताना तलावाच्या मध्यावर जाऊन बसलेली दिसतात. गंमत वाटली तरी आकड्याचा गोल हे स्थान नसून सारांश आहे, हे नकाशाच्या टिपेत लिहून ठेवलेले बरे.

इथवर गर्दीचा विचार झाला. ढीग ही वेगळी अडचण आहे आणि हे प्लगइन तिथे कमी पडते. गर्दी म्हणजे जवळजवळचे बिंदू, जे झूम वाढवल्यावर कधी ना कधी वेगळे होतात. ढीग म्हणजे अक्षांश-रेखांश अगदी तेच असलेले बिंदू, जे कितीही जवळ गेले तरी वेगळे होत नाहीत. एकाच इमारतीत तीन संस्था असल्या की ढीग तयार होतो. त्याहून मोठे ढीग तयार होतात ते पत्त्यावरून स्थान शोधताना: पत्ता नीट सापडला नाही की अनेक सेवा गावाच्या मध्यबिंदूवर समाधान मानतात आणि मग सगळे अर्धवट पत्ते एकाच खुंटीला येऊन टांगले जातात.

अशा ढिगासाठी प्लगइनमध्ये स्पायडरफाय ही सोय आहे. झूम संपल्यावर पुंजक्यावर क्लिक केले की आतले मार्कर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक रेषांनी बाहेर पसरतात. आठपर्यंत असले तर वर्तुळात, नऊपासून पुढे सर्पिलात. पाच-सहा मार्करांसाठी यापेक्षा देखणी युक्ती मला माहीत नाही. माझ्या नकाशात मात्र एका ठिकाणी १४० नोंदींचा ढीग होता आणि त्यावर क्लिक करताच पडदाभर पसरलेले सर्पिल निघाले, ज्यातून हवी ती नोंद शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे. मोबाइलवर तर बोट टेकवायलाही जागा उरेना. शेवटी मी वीसपेक्षा मोठ्या ढिगांसाठी स्पायडरफाय टाळून, गेटऑलचाइल्डमार्कर्स या पद्धतीने आतल्या नोंदी मिळवल्या आणि शोधण्याची सोय असलेली साधी यादी बाजूच्या पट्टीत दाखवली. त्या १४० पैकी बहुतेक पत्ते अर्धवटच होते, हेही त्या यादीमुळेच लक्षात आले.

आणखी एका जागी पाय घसरतो. ठरावीक झूमपासून पुंजके बंद करण्याचा डिसेबल क्लस्टरिंग ॲट झूम हा पर्याय मोहात पाडतो, पण तो चालू केल्यावर त्या पातळीपासून पुढे ढिगातले मार्कर थेट एकमेकांवर रचले जातात आणि फक्त वरचाच क्लिक होतो. पुंजका नाही, आकडा नाही, खाली काही आहे याची खूणही नाही. तंतोतंत एकाच जागेचे बिंदू असण्याची शक्यता असेल तर त्रिज्या कमी करावी, हा पर्याय वापरू नये.

पर्यायी साधनांचाही थोडा अनुभव घेतला. लीफलेटचेच जनक व्लादिमीर अगाफोन्किन यांनी मॅपबॉक्स या नकाशा-कंपनीत असताना २०१६ साली आणलेले सुपरक्लस्टर लाखो बिंदूंसाठी बनलेले आहे आणि मॅपबॉक्स व मॅपलिब्रे या खुल्या नकाशा-संचाच्या नकाशांत तेच काम करते. वेग अफाट आहे, पण ढीग उलगडण्याची सोय तुम्हालाच बांधावी लागते. मॅपलिब्रेच्या चिन्हांच्या थरात आणखी एक गोष्ट जपावी लागते: एकमेकांवर येणाऱ्या चिन्हांपैकी काही मुळात लपवलीच जातात. नावांच्या पाट्यांसाठी ते उत्तम आहे, नोंदींसाठी घातक, कारण लपलेली नोंद आणि नसलेली नोंद पाहणाऱ्याला सारखीच दिसते. ओपनलेयर्स या आणखी एका खुल्या नकाशा-संचातील पुंजके करणारा भाग नेटका आहे, त्यात मूळ अंतर २० पिक्सेल असल्याने गर्दी कमी झाकली जाते.

मार्करक्लस्टर घेताना एका गोष्टीचा विचार जरूर करावा. त्याची १.५.३ ही आवृत्ती २०२१ सालची आहे, आणि २०२५ मध्ये चाचणीसाठी आलेल्या लीफलेट २ ने प्लगइनांची जुनी बांधणी बऱ्याच प्रमाणात मोडीत काढली आहे. लीफलेट १.९ वर काम करणाऱ्यांना आज काही अडचण नाही. नव्याने, पुढील अनेक वर्षांसाठी नकाशा उभारणाऱ्यांनी आणि लाखाच्या घरात बिंदू असलेल्यांनी मॅपलिब्रेकडे वळावे. काही हजार नोंदी, साधा सर्व्हर आणि थोडा वेळ एवढेच हाताशी असेल तर मी आजही मार्करक्लस्टरच निवडेन, फक्त त्रिज्येचे फंक्शन आणि मोठ्या ढिगांची यादी या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून ठेवून.