बिडाचा तवा आणि स्टीलचं पातेलं: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमच्याकडं खर्डा तव्यावरच होतो. मिरच्या, लसूण, शेंगदाणे तेलावर भाजायचे आणि तिथंच तांब्याच्या बुडानं रगडायचे. नॉनस्टिकला हे सोसत नाही. आमच्या तव्याचा थर वर्षाच्या आत मधोमध उडाला.

नॉनस्टिक म्हणजे विषच, असं मी म्हणणार नाही. त्याचा थर साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो. मंद आचेवर ऑम्लेट करणाऱ्यांनी खुशाल वापरावा. पण भाकरीसाठी मोठ्या आचेवर ठेवलेला रिकामा तवा ही मर्यादा बघता बघता ओलांडतो. फार तापला तर त्याच्या धुरानं पिंजऱ्यातली पाखरं मरतात. 'पीएफओए-मुक्त' (नॉनस्टिकचा थर बनवताना वापरलं जाणारं एक रसायन नाही) या चिठ्ठीवरही फार जाऊ नका. ते रसायन २०१९ मध्येच स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे घातक टिकाऊ रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलं, आणि त्याच कुळातल्या बाकीच्या रसायनांबद्दल चिठ्ठी काहीच सांगत नाही.

म्हणून महाद्वार रोडवरून बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा आणला. (शिरोलीत बीड ओतणाऱ्या एवढ्या फाउंड्र्या असताना कोल्हापूरकरानं बिडाला घाबरायचं काय कारण?) खरखरीत घासला, तांदळाची पेज उकळली, मग तेल लावून तापवायचं आणि अर्धा कांदा चोळायचा, असं काही दिवस चाललं. सुरुवातीला आंबोळी चिकटून तिचा चुरा व्हायचा. आता कडेला उलथनं लावलं की अख्खी सुटून येते. खर्डा तर कितीही रगडा! खालचा करपट थर खरवडून काढला तरी तव्याला काही होत नाही. पुन्हा तेलाचा हात फिरवला की झालं.

त्रासही आहे. जुलैत रात्रभर ओला राहिला की सकाळी तांबूस गंज ठरलेला. धुतल्यावर गॅसवर कोरडा करून तेल पुसायचंच. तापायलाही वेळ घेतो.

आंबट मात्र यात नको. टोमॅटो, चिंच, कोकम घातलं की लोह उतरतं. बहुतेकांना त्यानं अपाय होत नाही, पण भाजी काळपट पडते, चव लोखंडी लागते. जर्मनच्या पातेल्यातही आंबट आमटी उकळू नये, त्यात ॲल्युमिनियम उतरतं. कटाची आमटी आणि तांबडा-पांढरा दोन्ही रस्से आम्ही ट्राय-प्लाय, म्हणजे तीन थरांच्या, स्टीलमध्ये करतो. मधला थर ॲल्युमिनियमचा असला तरी अन्नाला लागतं ते स्टीलच. घेताना ३०४ किंवा १८/८ (स्टीलची प्रत) लिहिलंय का बघा.

तवा उचलताना सासूबाईंचं मनगट दुखतं. लांब दांड्याचा घेण्यापेक्षा दोन कानांचा घ्या, दोन्ही हातांनी उचलता येतो.