तीन मिनिटांत तरुण करणारा मेकअप संच: मॉलमधल्या काउंटरचा अनुभव

पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांना हेरून मॉलमधल्या काउंटरवर 'प्रौढ त्वचेसाठी खास' म्हणून जो मेकअप संच गळ्यात मारला जातो, त्याच्या विक्रीमागची हातचलाखी मला अठरा हजार रुपये मोजल्यानंतर उमगली. ती इतरांना आधीच कळावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पुतण्याच्या लग्नासाठी एक चांगले फाउंडेशन घ्यावे, एवढ्याच हेतूने मी पुण्यातल्या एका मॉलमध्ये गेले होते. "काकू, एका डोळ्याखाली लावून दाखवते, घ्यायलाच हवं असं काही नाही," असे म्हणत तिथल्या मुलीने मला बसवून घेतले आणि बारीक सिरिंजमधून थेंबभर क्रीम डाव्या डोळ्याखाली पसरले. ते वाळेपर्यंत हसायचे नाही, बोलायचे नाही, अशी ताकीद देऊन ती हातातल्या कागदाने वारा घालत राहिली. तीनेक मिनिटांत डोळ्याखालची पिशवी खरोखरच सपाट झाली, रेषा पुसट झाल्या. उजवा डोळा मुद्दामच तसा ठेवलेला असल्याने आरशातला फरक नजरेत भरत होता. मग एक उपकरण गालाला टेकवून पडद्यावर माझ्या त्वचेचे वय 67 दाखवण्यात आले (माझे वय 58 आहे), आणि पाठोपाठ 'फक्त आजच्या दिवसाची' सवलत आली.

अशा क्रीममधला चमत्कार बहुधा सोडियम सिलिकेटचा असतो, आणि माझ्या डबीवरच्या घटकांच्या यादीत ते नाव होतेच. हाच पदार्थ पुठ्ठ्याची खोकी चिकटवण्यासाठीही वापरतात. त्यातले पाणी उडून गेले की त्वचेवर कडक पापुद्रा धरतो आणि अंड्याचा पांढरा बलक चेहऱ्यावर वाळल्यावर कातडी जशी ओढली जाते, तशी ती काही तास ताणलेली राहते. मात्र त्वचेत कसलाही बदल होत नाही आणि पाणी लागताच सगळे पूर्ववत होते. हसल्याने या पापुद्र्याला तडे जातात, म्हणूनच ती ताकीद! त्यावर ओलसर फाउंडेशन लावले तर तो विरघळून सुटू लागतो, ही गोष्ट संचात दोन्ही वस्तू एकत्र विकणाऱ्यांनी सांगितली नाही. लग्नाच्या दिवशी मुहूर्ताआधीच माझ्या डोळ्यांखाली पांढरी पूड जमली होती.

फाउंडेशनची कथा याहून वेगळी नाही. रजोनिवृत्तीनंतर त्वचेतले तेल कमी होते, तिला ओलावा देणारे, पातळ थराचे फाउंडेशन मानवते. मॅट, म्हणजे चमक नसलेला कोरडा प्रकार आणि त्यावर थापलेली पावडर सुरकुत्यांमध्ये बसून त्या अधिकच ठळक करतात. मला मॅटच दिले गेले, तेही "उजळ शेडने वय कमी दिसतं" अशी मखलाशी करून माझ्या रंगापेक्षा दोन शेड उजळ. परिणामी चेहरा राखाडी आणि मान सावळी दिसू लागली. शेड जबड्याच्या कडेला लावून, मानेशी ताडून, बाहेरच्या उजेडात पाहायची असते, आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे असते, कारण काही फाउंडेशने हवा लागल्यावर गडद होतात. तिथे मात्र पिवळ्या दिव्याखाली मनगटावर लावून दाखवले होते, आणि मी दाराशी जाऊन पाहते म्हटल्यावर त्या मुलीने "बाहेर ऊन आहे" म्हणून विषय टाळला.

माल परदेशी असल्याचे सांगितले होते. सौंदर्यप्रसाधन नियम, 2020 नुसार आयात केलेल्या प्रसाधनाच्या वेष्टनावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि आयातदाराचे नाव-पत्ता असावा लागतो, तर देशी मालावर उत्पादन परवान्याचा क्रमांक. माझ्या डबीवर यांपैकी काहीच नव्हते. मुदतीची तारीख तेवढी वरून चिकटवलेल्या कागदावर होती. बिलात वस्तूंची नावे न देता 'ब्यूटी किट' एवढेच लिहिले होते आणि खाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का होता. त्या शिक्क्याला भिऊन गप्प बसण्याचे कारण नाही, कारण बिलात मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांच्या आत सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

मी डब्या, खोके, बिल यांचे फोटो काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवली आहे. तोवर हात वर करणाऱ्या दुकानदाराने त्यानंतर स्वतःहून फोन करून त्याच किमतीचा दुसरा संच देऊ केला. मी तो नाकारला असून पैसेच परत मागितले आहेत.