जेजू की बुकचोन? कोरियन स्किनकेअर सेंटरचे दोन साचे

इनिसफ्री या स्किनकेअर ब्रँडचं जेजू बेटावरचं जेजू हाऊस २०१३ चं, ओसुलोक टी म्युझियमच्या शेजारी, काच अशी लावलीय की बसल्या जागी चहाचे मळे दिसतात आणि प्रॉडक्टमधला ग्रीन टी येतो कुठून हे वेगळं सांगायलाच लागत नाही. सुलवासूचं सोलमधल्या बुकचोन या जुन्या वस्तीतलं घर २०२१ चं, म्हणजे १९३० च्या दशकातलं हानोक (पारंपरिक कोरियन घर) आणि १९६० च्या दशकातलं वेस्टर्न घर जोडलंय, जिनसेंग या औषधी मुळीवाल्या ब्रँडला हे शोभतंही. (दोन्ही ब्रँड अमोरेपॅसिफिकचेच बरं का!) नवीन डिझाइन करायचं तर मी बुकचोनकडे झुकेन, कारण जेजूचा मळा दुसरीकडे उचलून नेता येत नाही, आणि नुसत्या कुंड्या ठेवून निसर्ग होत नाही हो. अंगण, लाकूड, जुनी भिंत मात्र भर शहरातही जमतं, फक्त डागडुजीचा खर्च आधी धरा.